पेशी वीस हजारांवर आल्या की

आग्रही : पावसाळा सरत आला की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत प्रत्येक सोसायटीत डेंग्यूचा रुग्ण असलेलं एक तरी घर असं असतं, जिथे दिवस सुरू होतो तो "आज किती आल्या?" या प्रश्नाने. काल पंचावन्न हजार होत्या, आज अडतीस. मग शेजारीपाजारी पपईचा पाला शोधायला निघतात, नाक्यावर किवीचा भाव चढतो आणि व्हॉट्सॲपवर डोनर हवा असल्याचे निरोप फिरू लागतात. तुम्ही याला घबराट म्हणता. मला ही भीती रास्त वाटते. रक्त वाहायचं थांबतं ते या पेशींमुळे, म्हणजे प्लेटलेट्समुळे. दोन-तीन मायक्रॉनचा तुकडा, ज्याला स्वतःचं केंद्रकही नाही. हाडांच्या मगजातल्या अवाढव्य पेशींपासून हे तुकडे सुटतात, सात ते दहा दिवस रक्तात फिरतात आणि संपतात. निरोगी शरीर रोज सुमारे दहा हजार कोटी नवे तयार करतं. रक्तवाहिनीला चीर पडली, की आतलं कोलॅजेन उघडं होतं. त्याला वॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं लांबलचक प्रथिन चिकटतं आणि धावत्या रक्तातून जाणाऱ्या प्लेटलेट्स त्याला धरतात. धरल्या की त्यांचा आकार बदलतो, काटे फुटतात, पोटातली रसायनं बाहेर पडतात आणि ती इतर प्लेटलेट्सना बोलावून घेतात. घन मिलिमीटरला दीड लाख ते साडेचार लाख हे नेहमीचं प्रमाण. ते वीस हजारांवर येतं तेव्हा घरच्यांना झोप कशी लागावी?

साशंक : प्लेटलेट्सचं काम तुम्ही सांगितलंत ते अगदी खरं, पण अर्ध्यावर सोडलंत. एकमेकींना धरून बसलेल्या प्लेटलेट्सचा तो पहिला गोळा सैल असतो, रक्ताच्या दाबाने सुटू शकतो. पुढे त्यांच्याच पृष्ठभागावर रक्त गोठवणारी प्रथिनं एकत्र येतात, थ्रॉम्बिन तयार होतं, थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे धागे करतं आणि त्या जाळीने गोळा पक्का होतो. शेवटी प्लेटलेट्स आतून आवळतात आणि गाठ घट्ट बसते. म्हणजे वाहिनीची भिंत, प्लेटलेट्स आणि रक्तद्रवातली प्रथिनं अशा तिघांनी मिळून करायचं हे काम आहे. रिपोर्टमधला आकडा तिघांपैकी एकाचीच, आणि तीही फक्त, हजेरी सांगतो. बदलापूर स्टेशनबाहेर रिक्षा किती उभ्या आहेत हे मोजलंत, तरी त्यातली किती तुमच्या गल्लीत यायला तयार होतील ते कळत नाही. तसंच हे आहे. डेंग्यूत तर त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच असते. या आजारात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट्स कमी झाल्या म्हणून नाही. केशवाहिन्यांच्या भिंती गळू लागतात आणि रक्तातलं पाणी पोटात, छातीत झिरपतं, त्यामुळे दगावतो. रक्त दाट होतं, रक्तदाब उतरतो, हातपाय गार पडतात. हे घडतं ताप उतरल्यानंतरच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत, म्हणजे "ताप गेला, बरं झालं" असं घर म्हणत असतं नेमकं तेव्हा.

आग्रही : पण ताप उतरतो आणि आकडा पडतो, हे दोन्ही साधारण एकाच सुमारास होतं. म्हणजे आकडा धोक्याच्या वेळेची खूण तरी आहेच. शिवाय डेंग्यूत रक्तस्राव होतो हेही तुम्ही नाकारू शकत नाही. हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, बायकांना अवेळी पाळी, काळी शौच. १९१० साली बोस्टनमध्ये विल्यम ड्यूक या डॉक्टरने दाखवून दिलं, की प्लेटलेट्स कमी असलेल्या रुग्णाला दुसऱ्याचं रक्त दिलं की प्लेटलेट्स वाढतात आणि रक्त वाहायचं थांबतं. तेव्हापासून शंभरहून जास्त वर्षं वैद्यकाने त्यावरच उपचार उभे केले. केमोथेरपीने मगज थंडावलेला रुग्ण आज जगतो तो प्लेटलेट्सच्या पिवळट पिशव्यांवर. मग बदलापूरचा कारकून किंवा उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला शिलाई कामगार म्हणाला, की माझ्या मुलाला पिशवी लावा, तर तो अडाणी कसा?

साशंक : अडाणी तो नाहीच. केमोच्या रुग्णाचा नियम डेंग्यूला लावणं मात्र चूक. केमोत कारखाना बंद पडलेला असतो, बाहेरून आलेल्या प्लेटलेट्स टिकतात. डेंग्यूत मगज थोडे दिवस मंदावतो खरा, पण रक्तातल्या प्लेटलेट्स मारल्याही जात असतात. तुम्ही चढवलेल्यांचीही तीच गत होते. सकाळी पिशवी लावली, संध्याकाळी आकडा वर, दुसऱ्या दिवशी पुन्हा जिथल्या तिथे. सिंगापूर आणि मलेशियातल्या पाच रुग्णालयांत ३७२ प्रौढ डेंग्यू रुग्णांवर हे तपासून पाहिलं गेलं आणि निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. सगळ्यांच्या प्लेटलेट्स वीस हजार किंवा त्याखाली होत्या. निम्म्यांना पिशव्या दिल्या, निम्म्यांना फक्त नीट सांभाळलं. रक्तस्राव पिशवीवाल्यांत २१ टक्क्यांना झाला, बाकीच्यांत २६ टक्क्यांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. उलट अंगावर पित्त उठणं, छातीत दुखणं, क्वचित फुप्फुसाला इजा, असे त्रास पिशवीवाल्यांत १३ जणांना, दुसऱ्या गटात २ जणांना. आपल्याकडची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली गेल्यावरच पिशवीचा विचार करा म्हणतात.

आग्रही : २१ आणि २६ यांत पाचाचं अंतर आहे. कसोटीला उतरलं नाही याचा अर्थ अंतर नाहीच, असा होत नाही. शंभरातल्या त्या पाचांत माझा मुलगा असेल तर?

साशंक : प्रश्न योग्य आहे. म्हणून तो रक्तस्राव कसला होता हेही बघा. त्यात बहुतेक किरकोळ होता, त्वचेवर लाल ठिपके, हिरडीतून थोडं रक्त. जीव जाईल असा रक्तस्राव दोन्ही गटांत विरळा. आणि हजेरी म्हणजे काम नव्हे, याचा पुरावा हवा असेल तर डेंग्यू सोडून दुसरे आजार बघा. ग्लान्झमन थ्रॉम्बास्थेनिया नावाचा एक आनुवंशिक आजार आहे, एडुआर्ड ग्लान्झमन या स्विस बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये त्याचं वर्णन केलं. नात्यात लग्नं होणाऱ्या समाजांत तो जास्त दिसतो, आपल्या देशातही आढळतो. या मुलांच्या प्लेटलेट्स मोजा, भरतात तीन लाख. तरी दात पडला की रक्त तासन्‌तास थांबत नाही, मुलगी वयात आली की पहिली पाळी संकट होते. कारण प्लेटलेट्सना एकमेकींना धरायला लागणारी पकड, म्हणजे फायब्रिनोजेनला पकडणारं प्रथिन, त्यांच्यावर नसतं किंवा बिघडलेलं असतं. आकडा निर्दोष, काम शून्य. दुसऱ्या टोकाला आयटीपी नावाच्या आजाराची मुलं. त्यांचं शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स मारतं, आकडा दहा हजारांवर येतो, आणि मूल अंगावर चारदोन ठिपके घेऊन पटांगणात खेळत असतं. ज्या उरतात त्या ताज्या, मोठ्या आणि कामाच्या असतात.

आग्रही : मग काम मोजा ना! आकडा अपुरा आहे, तर काम मोजणारी चाचणी गावोगाव का नाही?

साशंक : कारण ती चाचणी ताज्या रक्तावर, साधारण चार तासांच्या आत करावी लागते. रक्त नळीत घालून पार्सल पाठवता येत नाही, माणसालाच जावं लागतं. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे असे आजार तपासले जातात. बदलापूर सीएसएमटीपासून रेल्वेने ६८ किलोमीटर, अंबरनाथ ६०. आजारी पोराला कडेवर घेऊन सकाळच्या गाडीत चढायचं म्हणजे काय, ते या मार्गावरच्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे व्यवहारात उरतो तो आकडाच. माझं म्हणणं एवढंच, की त्याची मर्यादा ओळखून वापरा. आणि आकडा तरी बरोबर आहे का, हेही बघा. जांभळ्या टोपणाच्या नळीत जे औषध असतं, त्याने काही जणांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. मशीन त्या मोठ्या गुठळीला मोजतच नाही, आणि धडधाकट माणसाचा रिपोर्ट येतो तीस हजार. काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली कुणी पाहिलं, तर दोन मिनिटांत उलगडा होतो.

आग्रही : तुम्ही स्वतःच ६८ किलोमीटर म्हणालात, म्हणून आता माझी खरी हरकत ऐका. सिंगापूरच्या रुग्णालयात "थांबून बघा" म्हणता येतं, कारण रात्री दोन वाजता रक्ताची उलटी झाली तर पिशवी त्याच इमारतीत तयार असते. प्लेटलेट्स फ्रीजमध्ये ठेवता येत नाहीत. २० ते २४ अंश तापमानात, सतत हलणाऱ्या यंत्रावर ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत वापरल्या नाहीत तर टाकाव्या लागतात. एका डोनरकडून मशीनवर काढलेली मोठी पिशवी हवी असेल, तर ते मशीन प्रत्येक रक्तपेढीत नसतं. आधी डोनर शोधा, त्याच्या तपासण्या करा, मग दीड-दोन तास त्याला मशीनला जोडा. ही पिशवी पुष्कळदा कल्याण, ठाण्याहून आणावी लागते. त्यात पावसाळा. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी केली, हजारावर प्रवासी बोटीतून काढावे लागले. असा दिवस उजाडला तर बदलापूरच्या छोट्या नर्सिंग होममधल्या डॉक्टरने काय करायचं? मुलाला रक्त सुटायची वाट बघायची? तुमचा पुरावा मोठ्या रुग्णालयातला आहे, माझा रुग्ण तिथे नाही.

साशंक : ही हरकत मी मान्य करतो, आणि या विषयावर फार कमी लोक ती इतक्या नेमकेपणाने मांडतात. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष तुम्ही काढता तो नाही. अंतर हा धोका असेल, तर उपाय आहे रुग्णाला आधी हलवणं. पिशवी आधी लावून तो धोका टळत नाही, कारण ती उद्या सकाळपर्यंत संपलेली असेल, रुग्ण मात्र तिथेच असेल. उलट पिशवी लागली, आता निर्धास्त, असं समजून घरचे लोक अजून एक दिवस थांबतात, आणि गळतीचे तास नेमके त्यातच निघून जातात. पन्नास हजारांच्या खाली आकडा आणि त्याबरोबर पोटात सतत दुखणं, उलट्या, सुस्ती किंवा हिरडीतून रक्त यातलं काहीही असेल, तर उल्हासनगर तीनच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा जिथे रात्रीही डॉक्टर आणि रक्ताची सोय आहे अशा ठिकाणी दिवसाउजेडी पोहोचा. आकड्याचा हा उपयोग मला शंभर टक्के पटतो. रुग्णाला कुठे ठेवायचं हे आकड्याने ठरू द्या. त्याच्या शिरेत काय सोडायचं हे एकट्या आकड्याने ठरू देऊ नका.

आग्रही : म्हणजे आकडा तुम्हालाही हवाच आहे.

साशंक : हवा, पण त्याच कागदावरच्या दुसऱ्या ओळीसकट. सीबीसीचा रिपोर्ट हातात घ्या. घरात सगळ्यांचं बोट सरकत सरकत खाली प्लेटलेट्सपाशी जातं. त्याच्या वर हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही नावाची ओळ असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के, हे ती सांगते. परवा ३८ होतं, आज ४६ झालं, तर रक्तातलं पाणी बाहेर जातंय. त्या माणसाच्या प्लेटलेट्स ऐंशी हजार असल्या तरी तो धोक्यात आहे. आणि प्लेटलेट्स अठरा हजार, पण हिमॅटोक्रिट स्थिर, लघवी नीट होतेय, भूक लागायला लागली, तर तो बहुधा सुटला. अशा माणसाच्या डोक्याशी नातेवाईक रक्तपेढीचे फोन लावत बसतात, आणि पहिल्याला कुणी लिंबूपाणीसुद्धा पाजत नाही.

आग्रही : पिशवीत तोटा काय, ते तुम्ही अजून पुरतं सांगितलं नाहीत. थोडं पित्त उठलं तर उठलं.

साशंक : तोटा दुसऱ्याचा होतो. उल्हासनगर वसलं फाळणीनंतर, कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांचं. सिंधी समाजात थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे या गावाला रक्तदानाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागणारी मुलं इथे आहेत. त्या मुलांना लागतात तांबड्या पेशी. एका माणसाने दिलेल्या रक्ताचे रक्तपेढीत भाग केले, की तांबड्या पेशी त्या मुलाला जातात आणि प्लेटलेट्स दुसऱ्या कुणाला. रक्तपेढीत ती प्लेटलेट्सची पिशवी कधी उजेडासमोर धरून बघा. हलकेच तिरकी केली की आत चमकदार भोवरे फिरताना दिसतात, पेशी जिवंत आणि चकतीच्या आकाराच्या असल्याची ती खूण. अशी पिशवी ज्याला गरज नाही त्याला लागली, तर त्या आठवड्यात रक्ताच्या कर्करोगाच्या मुलाला ती मिळत नाही. कारण डोनर तेवढेच आहेत आणि पिशवीचं आयुष्य पाच दिवस.

आग्रही : बरं. मग पपईवर तरी तुमचा राग नसावा. ती कुणाची पिशवी पळवत नाही.

साशंक : पपईवर राग नाही, तिला मिळणाऱ्या श्रेयावर आहे. २०१३ मध्ये मलेशियातल्या २२८ रुग्णांच्या अभ्यासात पाल्याचा रस घेतलेल्यांच्या प्लेटलेट्स लवकर चढलेल्या दिसल्या. पण आकडा चढला म्हणून रक्तस्राव किंवा मृत्यू कमी झाले, हे कुणी भक्कमपणे दाखवलेलं नाही. सातव्या-आठव्या दिवशी प्लेटलेट्स आपोआप वर येतात. त्या दिवशी पोटात जे असेल त्याला यश मिळतं, मग पपई असो, किवी असो की शेळीचं दूध. उलट्या होत असलेल्या माणसाला तो कडू रस पाजून त्याचं पाणी आणखी कमी करणं मात्र घातक आहे.

आग्रही : आता एक प्रश्न, ज्याचं उत्तर तुमच्याकडे असेल असं मला वाटत नाही. अंबरनाथचा एक साठीचा माणूस. तीन महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसलाय. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुरू आहे, म्हणजे प्लेटलेट्स मुद्दाम बधिर केल्यात, कारण स्टेंटवर त्याच जमल्या तर झटका येतो. ॲस्पिरिनचा घाव एकदा बसला की ती प्लेटलेट मरेपर्यंत बसतो, केंद्रकच नाही तर दुरुस्ती कोण करणार? या माणसाला डेंग्यू झाला. आकडा तीस हजार, आणि त्या तीस हजारांचंही काम औषधाने मारलेलं. गोळ्या बंद केल्या तर स्टेंट बुजेल. चालू ठेवल्या तर रक्त सुटेल. आकडा आणि काम यांतला तुमचा फरक इथे पूर्ण लागू होतो. निर्णय सांगा.

साशंक : सरसकट निर्णय नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्टेंट किती जुना, कुठल्या वाहिनीत, आकडा किती वेगाने पडतोय, रक्त कुठून सुटतंय का, हे बघून हृदयरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन रोज नव्याने ठरवतात. कधी एक गोळी थांबवतात, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. या माणसासाठी पुरावा तोकडा आहे, कारण असे रुग्ण चाचण्यांत घेतलेच जात नाहीत. पण या प्रश्नाने मला माझ्याही मताची कड दिसली. ज्या पेशींनी जखम बुजते त्यांनीच हृदयाची वाहिनी बुजते, तेव्हा "जास्त म्हणजे चांगल्या" हे सूत्र तर खोटंच आहे, आणि "आकड्याकडे बघू नका" हेही.

आग्रही : मग माझंही अर्धं मागे घेतो. वीस हजार हा आकडा पिशवीचा हुकूम नाही, हे पटलं. पण रक्त सुटेपर्यंत थांबण्याची जोखीम कुणी पेलायची, डॉक्टरने, घरच्यांनी की जिथे रात्री पिशवी मिळत नाही त्या गावाने, याचा निवाडा तुमच्या अभ्यासाने झालेला नाही. तो बदलापुरात वेगळा होईल आणि परळला वेगळा.

साशंक : मान्य. तो निवाडा रक्तपेढ्या आणि रुग्णवाहिका कुठे आहेत त्यावर होतो, सूक्ष्मदर्शकाखाली होत नाही. तोवर वाचणाऱ्याने एवढं करावं. तापात पॅरासिटामॉलच घ्यावं, ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये. हृदयासाठी ॲस्पिरिन सुरू असेल तर तीही स्वतःहून बंद करू नये, पहिल्या दिवशीच डॉक्टरांना सांगावं. रिपोर्ट आला की प्लेटलेट्सबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात : हिमॅटोक्रिट कालच्यापेक्षा किती, रुग्णाने गेल्या सहा तासांत लघवी केली का, आणि अंगावर किंवा हिरडीवर रक्त दिसतंय का. डॉक्टर पिशवी लावू म्हणाले, तर कशासाठी, हे शांतपणे विचारावं. रक्त वाहतंय म्हणून लावत असतील, तर एक क्षणही अडवू नये.